रुमालाबाहेरचा भाव

आमच्याकडं नवी गाडी घेतलेला माणूस पेढे घेऊन दारात आला, की पेढा तोंडात टाकता टाकता लोक त्याला पहिला प्रश्न विचारतात, ‘विकताना किती येतील?’ गाडी कशी आहे, लिटरला किती पळते, हे सगळं नंतर. बॉनेटवरचं हळदकुंकू अजून ओलं असतं, चाकाखालची लिंबं नुकती फुटलेली असतात, आणि लोक ती गाडी विकायलासुद्धा निघालेले असतात. म्हणून तर जालना जिल्ह्यात जिकडं बघावं तिकडं पांढऱ्या गाड्या. धुळीच्या या मुलखात पांढरी गाडी दोन दिवसांत मातकट होते, तरी पांढरीच. का, तर पुढच्या गिऱ्हाइकाला पांढरी लागते. माणूस पैसे स्वतःचे घालतो आणि रंग निवडतो त्याचा, ज्याचं तोंडही त्यानं अजून पाहिलेलं नाही.

अंजूनं लाल घेतली होती. आणि तीही अशा कंपनीची, की नाव काढताच बाजारातल्या दलालांनी नाक मुरडावं. चार वर्षांपूर्वी जालन्यातल्या एका साहेबाकडून तिनं ती जुनीच घेतली, तेव्हा अख्ख्या वाडीनं तिला वेड्यात काढलं. ‘या कंपनीला मागं किंमत न्हाई,’ जो तो म्हणाला. अंजू म्हणाली, “किंमत न्हाई म्हणून तर मला परवडली. किंमत असती तर तुमच्याच दारात उभी असती.”

टेंभुर्णीच्या आसपास बियाण्यांच्या शेडनेटचा मोठा धंदा आहे. मिरचीच्या नाहीतर टोमॅटोच्या एकेका फुलाला बायका हातानं पराग लावतात, त्याला क्रॉसिंग म्हणतात. हे काम सकाळचं. ऊन चढलं की फूल वाया गेलं. अंजू आधी स्वतः क्रॉसिंगला जायची, पुढं तिनं बायकांची टोळी बांधली आणि ती मुकादम झाली. लाल गाडीत मागं चौघी, पुढं एक, अशा पोत्यात भरल्यासारख्या बायका बसायच्या आणि अंजू दोन खेपा करायची. पहिल्या खेपेचं ठीक होतं. दुसरी खेप नेटवर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर यायचं आणि नेटमालकाचं तोंड वाकडं व्हायचं.

शेवटी नेटमालकानं सांगून टाकलं, “येत्या मंगळवारपास्नं सगळ्या बायका एका टायमाला पायजेत. न्हाईतर मी शिवाजीला सांगतो.” शिवाजी मुकादमाकडं टेम्पो होता. त्यात बायका दोरीला धरून उभ्यानं जायच्या आणि खड्डा आला की एकमेकींवर पडायच्या. अंजूच्या टोळीतल्या निम्म्या बायका त्याच टेम्पोतून पळून तिच्याकडं आलेल्या होत्या. त्यांना पुन्हा त्या दोरीला बांधायचं, या विचारानंच अंजूच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं जालन्यात आठ सीटची एक जुनी गाडी बघून ठेवली, इसार दिला. सोमवारी संध्याकाळपर्यंत उरलेले पैसे नेऊन द्यायचे, नाहीतर गाडी दुसऱ्याला. म्हणजे रविवारच्या बाजारात लाल गाडी विकायलाच हवी होती, आणि पडेल भावात विकून चालणार नव्हतं. दीड लाखाला एक रुपया जरी कमी पडला, तरी मोठी गाडी हातची जाणार होती.

रविवार-सोमवार टोळीला सुट्टी देऊन तिनं रविवारी पहाटे गाडी धुतली. नवरा गोरक्षनाथ मेंढरांमागं लांब चरायला गेलेला होता. सोबतीला सासरे निघाले.

सासऱ्यांचं नाव म्हस्कू. अंजू त्यांना मामा म्हणायची. सगळा जन्म मेंढरांत गेलेला माणूस, आणि बाजारात मेंढे विकावेत तर म्हस्कूनं, असं त्यांचं त्यांनाच वाटायचं. गाडीत बसल्यावर अंजूनं त्यांना बजावलं, “मामा, मी एक साठ सांगणार हाय. पन्नासला सोडीन. त्याच्या खाली न्हाई.”

“एक साठ?” म्हस्कूंनी मान हलवली. “पोरी, ह्या कंपनीला…”

“किंमत न्हाई. ठावं हाय. तुम्ही नुसतं बसा.”

बाजाराच्या एका अंगाला बैल आणि मेंढरं, दुसऱ्या अंगाला जुन्या गाड्या, अशी तिथली मांडणी. गाड्यांचा दलाल रामप्रसाद पूर्वी बैलांचा दलाल होता. ट्रॅक्टर वाढले, बैल कमी झाले, तसा तो दहा पावलं सरकून गाड्यांत आला. पण सरकताना सवयी सगळ्या बरोबर घेऊन आला. गाडीभोवती तो बैलाभोवती फिरल्यासारखा फिरायचा, चाकाला लाथ घालायचा, आणि भाव कधी तोंडानं बोलायचा नाही. खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबून भाव करायचा. विकणाऱ्याशी वेगळा, घेणाऱ्याशी वेगळा. बोट पक्कं झालं की सौदा पक्का. मग मागं फिरणारा माणूस त्या बाजारात पुन्हा तोंड दाखवायच्या लायकीचा राहत नसे.

रामप्रसादनं लाल गाडीला एक चक्कर मारली.

“कंपनी ही व्हय?” तो म्हणाला, आणि कुणाच्या तरी मयतीची बातमी ऐकावी तसा त्यानं चेहरा केला. “मारुती असती तर उभ्या उभ्या उचलली असती, वैनी. हिला मागं किंमत न्हाई. पार्ट मिळत न्हाईत.”

“मिळतेत. मागच्याच महिन्यात जालन्यात ब्रेक टाकून आणलेत.”

“रंग लाल.”

“लालच हाय. मी कुठं पांढरा म्हणले?”

“चालवतं कोण?”

“मी.”

रामप्रसादनं च्यक् केलं आणि जमलेल्या माणसांकडं बघून डोळे मिचकावले. “बाईनं चालवलेली गाडी म्हणजे क्लच गेला समजायचा. डॉक्टरची गाडी आली तर दहा हजार जास्त देतो मी. मास्तरची आली तर पाच. बाईची आली तर आधी क्लचचा खर्चा कापतो.”

“क्लच दाबून बघा की. पाय तुमचाच हाय.”

तो काही गाडीत बसला नाही. दाबून बघितला असता आणि चांगला निघाला असता, तर बोलायला काय राहिलं असतं? त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला आणि हात पुढं केला. अंजूच्या अंगावरून तो हात सरळ म्हस्कूकडं गेला.

अंजू मध्ये आली. “गाडी माझी हाय. कागद माझ्या नावचे हायेत. हात मला द्या.”

भोवतीची माणसं हसली. रामप्रसाद तर एवढा हसला की त्याला खोकला आला. “रुमालाखाली बाईच्या हातात हात देऊ? वैनी, माझ्या घरी बी बायको हाय. जेवायला कोण घालंल मला?”

“मंग तोंडानं बोला.”

“तोंडानं भाजी विकतेत. इथं सौदे होतेत.” आणि तो म्हस्कूकडं वळला. “या तात्या. तुम्ही जुने माणूस. तुम्हाला रीत ठावं हाय.”

तात्या म्हटल्यावर म्हस्कू फुगले. अंजूनं डोळ्यांनी खुणावलं, मान हलवली, पण म्हाताऱ्याचा हात रुमालाखाली गेलासुद्धा. मेंढ्यांच्या बाजारात असायचा तसा गंभीर चेहरा करून ते आभाळाकडं बघू लागले. रुमाल हलला, थांबला, पुन्हा हलला. दोनदा म्हस्कूंनी मान नकारार्थी हलवली. तिसऱ्यांदा होकारार्थी. रामप्रसादनं रुमाल ओढून घेतला आणि खांद्यावर टाकून चहाच्या टपरीकडं गेला. तिथं शेजारच्या गावचा बद्रीनाथ उभा होता. त्याच्या लेकीला गाडी शिकायची होती, म्हणून तो बाजारभर तसं सांगत गाडी शोधत होता. त्या दोघांच्या हातांवरही रुमाल पडला.

इकडं म्हस्कू अंजूजवळ आले. चेहऱ्यावर लढाई जिंकल्याचा आनंद.

“ऐंशीवर अडून बसलं होतं बेनं. मी दहानं चढवलं.”

“किती चढवलं?”

“नव्वद.”

अंजूला क्षणभर नीट ऐकूच आलं नाही. “नव्वद हजार?”

“मंग काय. ह्या कंपनीला नव्वद मंजी लई झाले. बिलकुल खाली येऊ दिलं न्हाई मी त्याला.” म्हातारा शाबासकीची वाट बघत उभा होता.

अंजूला त्यांची कीव आली आणि रागही आला. राग जास्त आला. तिच्या डोळ्यांपुढं दोरीला धरून उभ्या असलेल्या तिच्या बायका आल्या. ती शांतपणे म्हणाली, “मामा, त्याला सांगा, सौदा न्हाई.”

म्हस्कूंचा चेहरा पडला. “असं कसं? बोट गेलंय माझं. सगळ्या जन्मात मी दिलेलं बोट माघारी घेतलं न्हाई. बाजारात माझी इज्जत हाय, पोरी.”

“तुमची इज्जत हाय म्हणून तर तो तुमच्याकडं गेला. माझ्याकडं आला असता तर नव्वदला थोबाडीत खाल्ली असती.”

“अंजू! सासऱ्याचा शब्द चारचौघांत मोडतीस?”

“शब्द तुम्ही दिलाच न्हाई, मामा. बोट दिलं. बोट तुमचं गेलं, गाडी माझी हाय.”

एवढं बोलून तिनं साडीचा पदर कमरेला खोचला. पुढं जे झालं ते त्या बाजारानं तोवर पाहिलेलं नव्हतं. तिनं गाडीचं दार उघडलं, आत हात घालून हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. बैल बिचकले. मेंढरं एकाच बाजूला पळाली. माणसं हातातलं सोडून लाल गाडीकडं बघू लागली. सगळं लक्ष आपल्याकडं आलं तेव्हा तिनं हॉर्न सोडला आणि नेटच्या या टोकावरून त्या टोकाला बायकांना हाक मारायच्या आवाजात बोलली.

“ही गाडी माझी हाय. भाव एक लाख साठ हजार. ज्याला घ्यायची त्यानं तोंडानं बोलावं. एसी मे महिन्यात नीट गार करत न्हाई. मागच्या दाराला पोचा हाय, तो नेटच्या खांबाला लागून पडलाय. क्लच चांगला हाय, बसून बघा. बाकी काय विचारायचं ते समोर विचारा.”

बाजारात भाव मोठ्यानं सांगितला! कुणीतरी देवळात शिवी दिल्यासारखे लोक एकमेकांकडं बघू लागले. म्हस्कूंनी खाली मान घातली. आणि त्या शांततेत टपरीजवळून बद्रीनाथचा आवाज आला.

“साठ? रामप्रसाद, बाई तर एक साठ म्हणून राह्यली. मला तर तू एक सत्तर दाबले!”

खाली घातलेली म्हस्कूंची मान वर आली. “सत्तर? मला तर नव्वद हजार दाबले ह्यानं!”

आता रामप्रसादनं काय करावं? एका बाजूला नव्वद, दुसऱ्या बाजूला एक सत्तर, मध्ये तो आणि त्याचा रुमाल. तो म्हणाला, “धंद्याची रीत हाय ही. दलालाला काय मिळायचं मंग?”

बद्रीनाथ तापला होता. “दलाली घे की तू. हजार घे, दोन घे. ऐंशी हजार? आन् मला तू काय सांगितलंस? ह्या कंपनीचा माल मजबूत हाय, पार्ट सस्ते हायेत, आज घेतली तर विकताना हिचेच पैसे वसूल होतेत!”

“मला म्हणाला, ह्या कंपनीला किंमतच न्हाई!” म्हस्कू ओरडले.

लोक हसायला लागले. यावेळी अंजूला नाही, रामप्रसादला हसायला लागले. पाच मिनिटांपूर्वी मयत झालेली कंपनी टपरीपर्यंत जाता जाता जिवंत होऊन नाचायला लागली होती. किंमत कंपनीची नव्हतीच कधी. रुमाल कुणाच्या हातावर पडलाय यावर ती ठरत होती, आणि हे त्या बाजारात सगळ्यांना थोडं थोडं माहीत असूनही कुणी तोंड उघडत नव्हतं. ज्याला त्याला वाटायचं, आपला सौदा तेवढा बराबर झाला.

हसण्यानं रामप्रसाद चिडला. बाकीचे दोन-तीन दलाल त्याच्याजवळ येऊन उभे राहिले. “आजपास्नं ह्या बाईचं ह्या बाजारात काय बी विकायचं न्हाई,” तो गरजला. “आन् बद्रीभाऊ, तुम्हाला बी बैल घ्यायला इथंच यायचंय, लक्षात ठेवा.”

बद्रीनाथ चपापला. खिशाकडं गेलेला त्याचा हात तिथंच थांबला. अंजूला ते दिसलं. आता सोमवार हातातून जातो, शिवाजीचा टेम्पो दारात येतो, हे तिला लख्ख दिसलं. पण आवाज तिनं खाली येऊ दिला नाही.

“बाजार काय रुमालात गुंडाळून खांद्यावर टाकलाय का तुम्ही?” ती रामप्रसादला म्हणाली. “ही जमीन पंचायतीची, पावती मी फाडलीय. उद्या शेळी विकीन, परवा कोंबडी विकीन, आन् हितंच उभी राहून, असंच वरडून विकीन. काय करताव?” मग ती बद्रीनाथकडं वळली. “भाऊ, लेकीला शिकवायचीय ना गाडी? तिला चालवायला देणार हाव ना? आज तुम्ही ह्यांना भिऊन माघारी गेलाव, तर उद्या तुमच्या लेकीनं चालवलेल्या गाडीला बी हे असंच नाक मुरडतेल. त्या वक्ताला कुणाकडं बघताव?”

बद्रीनाथनं गाडीचं दार उघडलं. तो गाडीत बसला. क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. गाडी सुरू करून मैदानाला एक चक्कर मारून आला. सगळा बाजार त्या चकरेकडं बघत होता. उतरला तेव्हा म्हणाला, “मागच्या दाराचा पोचा काढायला पाच तर लागतेल. एक पंचावन्न.”

“एक पंचावन्न,” अंजू म्हणाली आणि तिनं हात पुढं केला. उघडा हात, भर उन्हात.

बद्रीनाथ घुटमळला. इकडंतिकडं बघितलं. “राहू द्या की वैनी. बोललो ते बोललो.”

“झाकून द्यायला लोक लाजतेत, ते बरोबर हाय. उघड्यावर द्यायला कसली लाज, भाऊ?”

बद्रीनाथनं हात पँटला पुसला आणि तिच्या हातात दिला. कुणीतरी मागून शिट्टी मारली, दोघं-तिघं हसले, आणि मग काही झालं नाही. आभाळ जिथल्या तिथं राहिलं. पैसे तिथल्या तिथं मोबाइलवर आले. नाव बदलायला मंगळवारी जालन्याला जायचं ठरलं आणि बद्रीनाथ लाल गाडी घेऊन गेला.

अंजू आणि म्हस्कू वडापच्या जीपमध्ये मागच्या फळीवर बसले. अंजू मनातून नाचत होती. उद्या दुपारीच जालन्याला जायचं, गाडी आणायची, सगळ्या बायकांना एकदम बसवायचं. म्हातारा मात्र खाली मान घालून बसला होता. आपण चारचौघांत त्यांना खाली पाहायला लावलं, याचं तिला आता वाईट वाटायला लागलं. सौदा मोडल्याचं नाही. मामांचं वाईट वाटलं.

“मामा, रागावलाव?”

म्हस्कूंनी मान हलवली. ते स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत होते. पाची बोटं उघडून, मिटून बघत होते.

“अंजू,” ते म्हणाले, “मेंढरं बी मी त्याच लोकांकडं विकत आल्तो. गोरक्षच्या आईचं आपरेशन होतं तव्हा चौदा मेंढे एकदम दिले. ती वाचली न्हाई. पैसे कमी पडले म्हणून जालन्याच्या फुडं नेता आलं न्हाई तिला. मी म्हणलं, मेंढराला भावच न्हाई यंदा, कुणाचा दोष?” त्यांनी मूठ मिटली. “त्या चौदा मेंढ्यांचा खरा भाव काय असंल गं?”

जीपमधली माणसं आपापल्या बोलण्यात होती. अंजूनं म्हाताऱ्याचा हात आपल्या हातात घेतला आणि वाडी येईपर्यंत सोडला नाही.

सोमवारी मोठी गाडी आली. मंगळवारी पहाटे सगळ्या बायका एका खेपेत नेटवर गेल्या, आणि पहिल्यांदाच नेटमालकाला तोंड वाकडं करायला कारण मिळालं नाही. शिवाजीचा टेम्पो वाडीत येऊन रिकामाच परत गेला. अंजूला त्या आठवड्यात मामांकडं बघायलाही सवड झाली नाही.

पुढच्या रविवारी काम लवकर आटोपलं आणि बायका म्हणाल्या, बाजारावरूनच घरी जाऊ. अंजूनं गाडी बाजाराच्या कडेला लावली. दार उघडलं आणि मेंढरांच्या बाजूनं एक आवाज तिच्या कानावर आला. चिरका, मध्येच फाटणारा, असल्या कामाची कधी सवय नसलेला आवाज. ती गर्दीतून पुढं घुसली.

म्हस्कू दोन मेंढे घेऊन उभे होते. समोर एका दलालानं रुमाल टाकून हात पुढं धरला होता आणि तो हात तसाच हवेत लटकलेला होता. म्हस्कूंनी आपले दोन्ही हात पाठीमागं बांधले होते, मान ताठ होती, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायलाही म्हातारा हात पुढं आणायला तयार नव्हता.

“एकाला अठरा हजार!” ते ओरडत होते. “अठरा हजार! तोंडानं बोला!”